चार षटकांचा की दिवसभराचा?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, म्हणजे तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी जलद गोलंदाजीवर बोलणार आहे. पण मी विषय सोडला, असे मात्र कोणी समजू नये. अंगमेहनतीच्या माणसाकडून किती काम घ्यावे, ते कोणी ठरवावे, आणि त्याचे शरीर मोडले तर तोटा कोणी सोसावा, हे आमचे रोजचे प्रश्न आहेत. क्रिकेटच्या मैदानावरही ते जसेच्या तसे उभे आहेत. फरक एवढाच, की कारखान्याच्या दाराआड काय चालते ते लोकांना दिसत नाही, आणि मैदानावरचे सारे लाखो लोक डोळ्यांनी पाहत असतात.

दरवर्षी उन्हाळ्यात आयपीएलचे सामने सुरू झाले, की आपल्या काशीमिऱ्याच्या नाक्यावर, रिक्षांच्या रांगेत, चहाच्या टपरीवर एक वाद हटकून रंगतो. कोणी एक विशीतला पोरगा येतो, भन्नाट वेगाने दोन नामांकित फलंदाजांच्या दांड्या उडवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "याला ताबडतोब कसोटीत नवा चेंडू द्या." दुसरा पक्ष म्हणतो, "अरे, हा चार षटकांचा गडी. दिवसाला वीस षटके टाकायची वेळ आली, की दम सुटेल." वाद चहा संपेपर्यंत चालतो, कधी त्यापुढेही चालतो, आणि निकाल काही लागत नाही. मला वाटते, निकाल लागत नाही याचे कारण प्रश्नाचा अर्धाच भाग विचारला जातो. "पोरात दम आहे काय?" एवढे आपण विचारतो. "तो दम तयार कसा होतो, आणि तो कोणाच्या हातून वाया जातो?" हे विचारीत नाही. आज हा दुसरा भाग आपण पाहू.

हा वाद केवळ आपल्या देशातला नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तेथे चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. पिचरांच्या दोन जाती असतात. जो सामना सुरू करतो तो स्टार्टर. नऊ डावांच्या सामन्यातले पहिले पाच-सहा डाव त्याने ओढावे, नव्वद-शंभर चेंडू फेकावे, अशी अपेक्षा असते. त्यानंतर त्याला साधारण चार-पाच दिवस विश्रांती मिळते. दुसरा रिलीव्हर. हा मागाहून येतो, एखादा डाव सारी ताकद लावून फेकतो आणि निघून जातो. आमच्या गिरणीच्या भाषेत सांगावयाचे तर एक कायम आणि एक बदली! कोणी तरुण पिचर चमकला, की तेथल्या प्रेक्षकांतही हाच तंटा: हा स्टार्टर व्हायचा, की रिलीव्हरच राहायचा?

त्या तंट्यात तेथले जाणते लोक जो निकष लावतात, तो आपल्यालाही उपयोगी आहे. रिलीव्हर एका सामन्यात त्याच फलंदाजासमोर बहुधा एकदाच येतो. त्याच्याजवळ वेग आणि एखादा फसवा चेंडू असला की भागते. स्टार्टरच्या समोर मात्र तेच फलंदाज दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येतात. तोवर त्यांनी त्याचा हात ओळखलेला असतो. म्हणून स्टार्टरच्या भात्यात तिसरा, चौथा चेंडू लागतो; आणि थकल्यावरही चेंडू हवा तेथे पडावा लागतो. म्हणजे दम हा नुसता छातीचा नसतो. तो हाताचा असतो, डोक्याचाही असतो.

आता आपल्या खेळाकडे येऊ. आयपीएलमध्ये एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार षटके मिळतात. म्हणजे चोवीस चेंडू. तेही सलग नव्हेत. आरंभी दोन, मध्ये एक, शेवटी एक, असे तुकडे पाडून. कसोटीत दिवसाला नव्वद षटके टाकायची असतात. संघात तीन जलद गोलंदाज असले, तर एकेकाच्या वाट्याला पंधरा ते वीस षटके सहज येतात. ती तीन-चार पाळ्यांत टाकायची. (इंग्रजीत ज्याला स्पेल म्हणतात, त्याला मी पाळी म्हणतो, अर्थ तोच आहे.) ऐंशी षटकांनंतर नवा चेंडू मिळतो, तो नेमका संध्याकाळी, जेव्हा पाय जड झालेले असतात. रात्र झोपून सकाळी पुन्हा तेच. प्रतिपक्षाचा दुसरा डाव आला की पुन्हा तेच.

तेव्हा एखादा तरुण दिवसभराचा गोलंदाज होईल काय, हे पाहण्यासाठी प्रेक्षकाने कशाकडे लक्ष द्यावे? मी तज्ज्ञ नाही. चाळीस वर्षे मैदानाच्या कडेला उभा राहून आणि वाचनालयातली पुस्तके चाळून जे समजले, ते सांगतो.

पहिली गोष्ट, त्याचा सर्वांत वेगवान चेंडू पाहू नका. तिसऱ्या पाळीतला चेंडू पाहा. सकाळी दहा वाजता वेग सर्वांनाच असतो. साडेचार वाजता किती उरतो, हा हिशेब महत्त्वाचा. दुसरी गोष्ट, धाव आणि उडी. पहिल्या षटकात जेथून उडी घेतो, तेथूनच अठराव्या षटकात घेतो काय? लय मोडली, की शरीर कोठेतरी जास्त भार घेऊ लागले आहे असे समजावे. तिसरी गोष्ट, टप्पा. चार षटकांच्या खेळात फलंदाज स्वतःच मारायला धावतो आणि बाद होतो. कसोटीत तो थांबतो. म्हणून एकाच जागी, यष्टीच्या किंचित बाहेर, षटकामागून षटक चेंडू टाकण्याचा कंटाळा न येणे हा एक मोठा गुण आहे. चौथी गोष्ट, जुना चेंडू. नवा चेंडू आपल्या अंगच्या गुणाने थोडासा वळतो. तीस-चाळीस षटकांनी त्याची लकाकी गेल्यावर जो काही करून दाखवतो, तो खरा कारागीर. आणि पाचवी गोष्ट, दुसऱ्या दिवसाची सकाळ. काल वीस षटके टाकलेला माणूस आज पहिल्या षटकात कसा धावतो, हे पाहिले की बरेच कळते.

या पाच कसोट्यांपैकी एकही आयपीएलच्या चार षटकांत दिसू शकत नाही. म्हणून नाक्यावरचे दोन्ही पक्ष अंधारात तीर मारीत असतात. दिसतील त्या रणजी सामन्यात, चार दिवस पुरते पाहिल्यावर. आणि तेथे प्रेक्षक बोटावर मोजण्याइतके असतात.

आता एक जुने उदाहरण घेऊ. आपल्या मुंबईचेच आहे. रमाकांत देसाई हे नाव येथल्या वयोवृद्ध मंडळींच्या स्मरणात असेल. उंची साडेपाच फुटांहूनही कमी, अंगकाठी किरकोळ. जलद गोलंदाज म्हणजे ताडमाड उंच, असे ज्यांचे गणित होते, त्यांना हा मुलगा नवा चेंडू घेऊन धावताना पाहून हसू आले असेल. पण १९५८-५९ च्या आपल्या पहिल्याच रणजी हंगामात त्याने मुंबईसाठी ५० बळी घेतले, तेही सरासरी अवघ्या अकरा धावांना एक, या हिशेबाने. त्या वेळी वेस्ट इंडीजचा बलाढ्य संघ भारतात होता. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीच्या कसोटीत देसाई पहिल्यांदा भारताकडून खेळला. वय वर्षे एकोणीस.

त्या डावात या एकोणीस वर्षांच्या मुलाने किती षटके टाकली असतील? एकोणपन्नास! वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ धावा केल्या. त्यांपैकी चार बळी देसाईने १६९ धावांत घेतले. "हा मुलगा टिकेल काय?" या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच सामन्यात मिळाले, असे आपण म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. माझ्यासारख्या माणसाला मात्र दुसरा प्रश्न पडतो. एकोणपन्नास षटके म्हणजे जवळजवळ तीनशे वेळा धावत येणे, उडी घेणे, सारा भार एका पायावर झेलणे. कारखान्यात एकोणीस वर्षांच्या मुलाला इतकी डबल ड्यूटी करावयास लावली असती, तर आम्ही दारात निदर्शने केली असती.

त्याच वर्षी उन्हाळ्यात देसाई इंग्लंडला गेला आणि लॉर्ड्सच्या मैदानावर डावात पाच बळी घेऊन आला. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत त्याने २१ बळी घेतले. त्या काळातल्या आपल्या खेळपट्ट्या फिरकीला धार्जिण्या. जलद गोलंदाजाला त्यांच्यात जीव नसे. दुसऱ्या टोकाकडून त्याच तोडीचा साथीदार क्वचितच लाभे. १९६८ साली न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला फलंदाजी करताना चेंडू लागून त्याचा जबडा मोडला. तरीही तो खेळत राहिला. ती त्याची शेवटची कसोटी ठरली. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. २८ कसोटी, ७४ बळी. आज अठ्ठाविसाव्या वर्षी जलद गोलंदाज ऐन भरात आला असे मानतात.

देसाईंची थोरवी मी कमी करीत नाही. त्यांच्याबद्दल मला जो आदर आहे, तो शब्दांत मावणार नाही. पण त्यांची गोष्ट सांगताना आपण केवळ त्यांच्या छातीचे कौतुक करतो, आणि चेंडू पुन्हा पुन्हा त्याच हातात देणाऱ्यांना काही विचारीत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

देसाईंच्या काळातून आपल्या काळात येऊ, आणि आपल्याच रेल्वे मार्गावर. शार्दूल ठाकूर पालघरचा. चर्चगेटपासून सुमारे नव्वद किलोमीटर. त्याची गाडी मीरा रोड आणि भाईंदरवरूनच जायची. खांद्यावर किट घेऊन त्या गाडीत चढणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगावयास नको. पुढे बोरिवलीच्या शाळेत प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, तेव्हा प्रवास वाचला. याच शाळेकडून हॅरिस शिल्डमध्ये त्याने एका षटकात सहा षटकार मारले. २०१२ मध्ये तो मुंबईकडून रणजी खेळू लागला. २०१४-१५ च्या हंगामात दहा सामन्यांत त्याने ४८ बळी घेतले. म्हणजे दिवसभराचा गोलंदाज म्हणून तो आधी तयार झाला. चार षटकांचा बाजार मागाहून आला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला तो पहिली कसोटी खेळला. दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावला. दहा चेंडूंत पदार्पण आटोपले! "आम्ही सांगत नव्हतो?" असे म्हणणारे नाक्यावर पुष्कळ निघाले. पण जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला, भारताचे एकेक गोलंदाज जायबंदी झालेले असताना, त्याने सामन्यात सात बळी घेतले आणि ६७ धावाही काढल्या. त्याच वर्षी ओव्हलवर दोन अर्धशतके ठोकली. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत सात बळी घेतले. आणि जून २०२५ मध्ये लीड्सच्या कसोटीत दोन्ही डाव मिळून त्याला अवघी सोळा षटके मिळाली. तो मुख्य गोलंदाज, की चौथा, की फलंदाजी करणारा गोलंदाज? हा वाद त्याच्या बाबतीत कधी मिटलाच नाही. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याला कोणी घेतले नव्हते. नंतर दुसऱ्याच्या दुखापतीमुळे त्याला जागा मिळाली. कायम माणसाला बदलीच्या रांगेत उभे राहावे लागते, ते असे.

हा प्रश्न माणसाच्या शरीराचा असल्याने आता थोडे शरीराविषयी बोलू. जलद गोलंदाज चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो. त्या क्षणी त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावर येतो. तो गुडघ्यातून कमरेत चढतो, आणि त्याच वेळी कंबर एका बाजूला वाकलेली आणि पिळवटलेली असते. पाठीच्या कण्यातले कमरेजवळचे मणके हा भार झेलतात. तेथल्या हाडाला केसासारखी बारीक चीर पडते. तिला डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. तरुण जलद गोलंदाजाचा हा व्यवसायजन्य रोग. आमच्या भाईंदरच्या स्टील भांड्यांच्या कारखान्यांत बफिंगवर बसणाऱ्या माणसाची छाती धुळीने भरते, तसाच हा.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडाला महिने लागतात. नवा भार आला, की हाडात सूक्ष्म झीज होते. मग शरीर ती भरून काढते आणि हाड पूर्वीपेक्षा मजबूत होते. पण भरून काढण्यास वेळ मिळाला तर! वेळ न देता पुन्हा भार टाकला, तर झीज साठत जाते. शिवाय कमरेचे मणके विशी उलटल्यावरही काही वर्षे पक्के होत असतात. म्हणून सर्वांत धोक्याचे काय? एकाएकी वाढलेला भार. आठवड्याला दहा षटके टाकणाऱ्याला एकदम पन्नास टाकावयास लावणे. दुखणे त्याच दिवशी येत नाही. तीन-चार आठवड्यांनी येते, आणि तोवर दोष कोणाचा हे लोक विसरलेले असतात.

उलट बाजूही तितकीच खरी. बसवून ठेवणे हे औषध नव्हे. ज्याला कधी वीस षटके टाकूच दिली नाहीत, त्याचे हाड वीस षटकांसाठी पक्के होणार नाही. श्रीरामपूरच्या झहीर खानकडे पाहा. २००० साली तो भारताकडून खेळू लागला, पुढे दुखापतींनी मागे पडला. २००६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर परगण्याकडून खेळला. सामन्यामागून सामना टाकीत राहिला आणि त्या हंगामात त्याने ७८ बळी घेतले. परतला तो धाव कमी करून, टप्पा पक्का करून. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅमच्या कसोटीत त्याने नऊ बळी घेतले आणि भारताने इंग्लंडमधली ती मालिका जिंकली. त्याची कारकीर्द ९२ कसोटी आणि ३११ बळींपर्यंत गेली. दिवसभराचा गोलंदाज असा घडला: पुष्कळ काम, पण नियमित काम.

या प्रकाशात अलीकडचा एक मोठा वाद पाहू. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात जसप्रीत बुमराहने पाच कसोटींत दीडशेहून अधिक षटके टाकून ३२ बळी घेतले, आणि शेवटच्या सिडनी कसोटीच्या दुसऱ्या डावात, जेव्हा त्याची सर्वांत अधिक गरज होती, तेव्हा पाठीने साथ सोडली. २०२५ मध्ये इंग्लंडला तो पाचांपैकी तीनच कसोटी खेळला. मोहम्मद सिराज पाचही खेळला, १८५ षटकांहून अधिक टाकली, २३ बळी घेतले, आणि ओव्हलवर शेवटच्या दिवशी सहा धावांनी सामना जिंकून दिला. त्यानंतर सुनील गावसकर यांनी मत मांडले, की वर्कलोड हा शब्दच भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून काढून टाकावा. देशासाठी खेळताना अंगदुखी विसरावी, असा त्यांचा आशय होता. त्याआधी मार्च २०२४ मध्ये आपला शार्दूल ठाकूर नेमके उलट बोलला होता. रणजीच्या दोन सामन्यांमध्ये केवळ तीनच दिवस मिळतात. असेच आणखी दोन हंगाम चालले तर देशभर गोलंदाज जायबंदी होतील, असे त्याने सांगितले. आणि हे तो घरी बसून बोलला नव्हता. उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध शतक काढून बोलला होता.

दोघेही मुंबईचे, दोघांनाही खेळ कळतो. मग खरे कोणाचे? माझ्या मते गावसकर सांगतात ते कामाबद्दल खरे आहे, आणि ठाकूर सांगतो ते विश्रांतीबद्दल खरे आहे. काम केल्यावाचून कामगार घडत नाही, आणि सुट्टीवाचून तो टिकत नाही. मात्र एक फरक विसरू नये. सिराजचे अंग पाच कसोटी टिकले, म्हणून सर्वांचे टिकेल, असा नियम बांधता येत नाही. प्रत्येक पाळीत एखादा असा पहिलवान असतो, जो बारा तास उभा राहतो. मालक त्याच्याकडे बोट दाखवून इतर सर्वांना बारा तास उभे करू पाहतो. आम्ही हे फार पाहिले आहे.

सुट्टीचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली, आणि १८९० साली गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तेव्हाही असे म्हणणारे लोक होतेच, की सुट्टी दिली तर कामगार आळशी होईल. तो आळशी झाला नाही. त्या रविवारी त्याने भजन केले, तालमीत गेला, सभा भरवल्या, आणि त्याची पोरे मैदानावर क्रिकेट खेळू लागली. आज रविवारी मैदानावर जी गर्दी दिसते, तिच्यामागे लोखंड्यांची पुण्याई आहे.

अमेरिकेतल्या बेसबॉलपटूंनी हे लवकर ओळखले. १९६६ साली त्यांनी आपल्या संघटनेचे नेतृत्व मार्व्हिन मिलर या गृहस्थांकडे दिले. मिलर मूळचे पोलाद कामगारांच्या संघटनेचे अर्थतज्ज्ञ. त्यांनी दोन वर्षांत मालकांशी पहिला सामुदायिक करार केला आणि खेळाडूचे किमान वार्षिक वेतन सहा हजार डॉलरवरून दहा हजारांवर नेले. १९७५ अखेर लवादाच्या निर्णयाने खेळाडूला जन्मभर एकाच मालकाशी बांधून ठेवणारी पद्धतही मोडली. आमच्याकडे २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली, तिचे मी स्वागत करतो. पण ती निवृत्त खेळाडूंची आहे. जो आज धावतो आहे, ज्याची पाठ आज दुखते आहे, त्याच्या वतीने मंडळासमोर बसून बोलणारी संघटना नाही. म्हणून ठाकूरला ते वार्ताहरांसमोर एकट्याने बोलावे लागले.

कोणी म्हणेल, या लोकांना कोट्यवधी रुपये मिळतात. त्यांचे दुःख आम्ही का करावे? कोट्यवधी मिळतात ते मोजक्यांना. रणजी खेळणाऱ्याला फी मिळते ती खेळलेल्या दिवसांवर. वीसहून अधिक सामने खेळलेला नसेल, तर दिवसाला चाळीस हजार, असा दर २०२१ मध्ये ठरला. रक्कम लहान नाही, हे मान्य. पण वर्षात असे दिवस किती? आणि ज्याची पाठ मोडली, त्याचे ते दिवसही गेले. रोजंदारी मोठी असली तरी ती रोजंदारीच. त्यामुळे पोरगा दुखणे लपवतो. कारखान्यात हात दुखावलेला बदली कामगार तो खिशात घालून उभा राहतो ना, तसा.

आणि रणजीपर्यंत पोहोचणारेही थोडे. खरा प्रश्न आहे तो आपल्या गल्लीतल्या पोरांचा. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला एका शालेय सामन्यात प्रणव धनावडे या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. जगभर नाव झाले, आणि मुलाचे कौतुक योग्यच होते. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ धावा केल्या. पण त्या डावात चेंडू टाकणारीही शाळकरी मुलेच होती. त्यांनी किती षटके टाकली, दुसऱ्या दिवशी त्यांचे खांदे कसे होते, हे कोणी विचारले? धावफलकावर धावांचा विक्रम लिहिला जातो. राबणुकीचा लिहिला जात नाही.

आपल्या भागातही तेच आहे. सोळा वर्षांचा मुलगा जरा वेगाने टाकू लागला, की सकाळी शाळेचा संघ त्याला नेतो, दुपारी क्लासचे प्रशिक्षक नेटमध्ये उभा करतात, आणि रात्री दिव्याखालच्या स्पर्धेत गल्लीचे मंडळ त्याच्या हाती शेवटचे षटक देते. तिघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. प्रत्येकाचा हिशेब चोख. एकत्र हिशेब कोणाकडेच नाही. कामगार तीन ठिकाणी अर्धवेळ राबतो, आणि प्रत्येक ठेकेदार म्हणतो, "आमच्याकडे तर चारच तास असतो", त्यातलाच हा प्रकार. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या मंडळांनी मुलांच्या वयाप्रमाणे एका पाळीत आणि एका दिवसात किती षटके द्यावी, याच्या मर्यादा छापून प्रशिक्षकांच्या हाती दिल्या आहेत. आपल्याला मंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही.

उपाय अगदी स्वस्त आहे. एक चाळीस पानी वही. पोराने रोज टाकलेले चेंडू तिच्यात लिहावे: सामन्यातले, नेटमधले, गल्लीतले, सर्व. ही वही त्याच्या पिशवीत असावी, आणि जो कोणी त्याच्या हाती चेंडू देईल, त्याने आधी ती पाहावी. या आठवड्याचा आकडा मागच्या महिन्याच्या सरासरीपेक्षा एकदम फुगला असेल, तर चेंडू दुसऱ्याला द्यावा. आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण कोरा असावा. कमरेत एका बाजूला, टेकून दाबल्यावर दुखते असे पोरगा म्हणाला, तर मलम चोळीत न बसता डॉक्टरांकडे न्यावे. ती चीर वेळीच कळली तर विश्रांतीने भरून येते. आणि आईबापांनी रात्री जेवताना "किती बळी घेतलेस?" हे जरूर विचारावे; पण त्याआधी "किती टाकलेस?" हे विचारावे.

नाक्यावरचा वाद बंद करा असे मी म्हणत नाही. वाद ही लोकांच्या शहाणपणाची शाळा आहे. माझे निम्मे शिक्षण तिच्यातच झाले. फक्त यापुढे एखाद्या पोराकडे पाहून "हा चार षटकांचा, की दिवसभराचा?" असे कोणी विचारले, तर त्याला उलट दोन प्रश्न टाकावे. याला दिवसभराचा करण्यासाठी वर्षानुवर्षे हळूहळू काम वाढवीत नेणारा कोणी आहे काय? आणि आज पुरे झाले, असे म्हणण्याचा अधिकार त्याच्या बाजूने कोणाला आहे काय? पहिल्याचे उत्तर "होय" आले, तर पोराच्या अंगच्या गुणांना वाव मिळेल. दुसऱ्याचे "नाही" आले, तर गुण असूनही तो अठ्ठाविसाव्या वर्षी घरी बसेल, आणि आपण म्हणू, "दम नव्हता बिचाऱ्यात."